हाउस फ्लिपिंगच्या सेमिनारला पैसे भरण्याआधी पहिल्या घराचा हिशेब मांडा

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि काही महिन्यांत विकायचं, या धंद्याला अमेरिकेत फ्लिपिंग म्हणतात. तो शिकवणारे सेमिनार साधारण तीन किमतींत मिळतात: फुकट, दीड-दोन हजार डॉलर आणि वीस ते चाळीस हजार डॉलर. नवख्या माणसानं फुकटचा बघायला हरकत नाही. मधला बहुतेकांनी टाळावा. शेवटचा जवळजवळ कोणीच घेऊ नये.

तिन्ही एकाच जिन्याच्या पायऱ्या असतात. आवळा देऊन कोहळा काढणं आपल्याला ठाऊक आहेच. इथे आवळा म्हणजे हॉटेलच्या सभागृहातला दीड तासाचा मोफत कार्यक्रम. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रम्प युनिव्हर्सिटी या कंपनीचा जिना असाच होता. ९० मिनिटांचं मोफत सत्र, मग १,४९५ डॉलरचं तीन दिवसांचं शिबिर, आणि शिबिरात ३४,९९५ डॉलरपर्यंतची मेंटरशिप. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यानं, २०१३ मध्ये खटला भरला. शिबिरात लोकांना क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला सांगितलं जायचं. कारण घरखरेदीचं दिलं जायचं, पण ती वाढीव मर्यादा वरच्या पॅकेजवर खर्च व्हावी असा बेत होता, हा त्यातला एक आरोप. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये चूक कबूल न करता अडीच कोटी डॉलरवर तडजोड झाली.

झुरिक्स या कंपनीची गोष्टही फार वेगळी नाही. घरं फ्लिप करण्याच्या टीव्ही कार्यक्रमांतले चेहरे जाहिरातीत होते, तीन दिवसांचं वर्कशॉप १,९९७ डॉलरला होतं, आणि पुढचं कोचिंग ४१,२९७ डॉलरपर्यंत जायचं. २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे एफटीसी, आणि युटा राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागानं कंपनीला कोर्टात खेचलं. २०२२ मध्ये ग्राहकांना परताव्यासाठी १ कोटी २० लाख डॉलर द्यायचं ठरलं.

म्हणून सगळेच सेमिनारवाले लबाड ठरत नाहीत. पण प्रामाणिक शिक्षकाचा सेमिनारसुद्धा तुम्हाला परवडतो का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर शिक्षकाच्या सचोटीत मिळत नाही. ते तुमच्या पहिल्या घराच्या हिशेबात मिळतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: एका घराचा पूर्ण हिशेब कागदावर मांडा

या धंद्यात ७० टक्क्यांचा एक ठोकताळा चालतो. दुरुस्तीनंतर घर जितक्याला विकलं जाईल त्या किमतीला एआरव्ही म्हणतात. तिचे ७० टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. उरेल त्याहून जास्त भावात घर घ्यायचं नाही. बहुतेक सेमिनारांत हा ठोकताळा मोठं गुपित असल्यासारखा उलगडला जातो. झाला तुमचा सांगून, तोही फुकटात.

आकडे टाकू. दुरुस्तीनंतर घर ३,००,००० डॉलरला जाईल आणि दुरुस्तीला ४५,००० लागतील असं धरा. ३ लाखांचे ७० टक्के २,१०,०००. त्यातून ४५,००० गेले की १,६५,०००. हा तुमचा कमाल खरेदीभाव.

आता खर्च. बँक असल्या घराला सहसा हात लावत नाही, म्हणून नवखे लोक हार्ड मनी घेतात, म्हणजे खासगी सावकाराचं थोड्या मुदतीचं, महाग कर्ज. खरेदीभावाच्या ९० टक्के कर्ज, व्याज १२ टक्के आणि सुरुवातीला दोन पॉइंट असं समजू. एक पॉइंट म्हणजे कर्जाच्या रकमेचा एक टक्का. कर्ज १,४८,५०० चं. सहा महिन्यांचं व्याज ८,९१०, पॉइंट्सचे २,९७०. खरेदीच्या क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा करतानाच्या कागदपत्रांना आणि फीला, ३,०००. मालमत्ता कर, विमा, वीज-पाणी मिळून महिन्याला ६०० प्रमाणे ३,६००. विकताना एजंटांचं कमिशन आणि क्लोजिंग मिळून साडेसात टक्के, म्हणजे २२,५००. खरेदी आणि दुरुस्तीसकट बेरीज २,५०,९८०. हातात उरले ४९,०२०.

छान दिसतं. व्यासपीठावरच्या पडद्यावर हाच आकडा असतो, बहुतेकदा त्यातला व्याजाचा आणि विक्रीचा खर्च गाळून.

पण १,६५,००० ला ते घर नवख्याला मिळत नाही. त्याच घरावर डोळा ठेवून असलेल्या जुन्या गड्यांकडे रोकड असते आणि पुन्हा पुन्हा काम देऊन बांधून ठेवलेला स्वस्त कॉन्ट्रॅक्टर असतो. तुम्हाला ते घर १,९०,००० ला मिळालं असं धरा. कर्ज १,७१,००० चं झालं, व्याज १०,२६०, पॉइंट्सचे ३,४२०. बाकी सगळं तेच. एकूण २,७७,७८०, उरले २२,२२०.

पुढे भिंत फोडल्यावर जुनी गंजलेली पाइपलाइन निघाली. दुरुस्ती २० टक्क्यांनी, म्हणजे ९,००० नं वाढली. परमिट आणि प्लंबरच्या नादात तीन महिने जास्त गेले: व्याज ५,१३० आणि घर सांभाळण्याचा खर्च १,८००. उरले ६,२९०. एवढ्यात बाजार थोडा मंदावला आणि घर ३,००,००० ऐवजी २,८८,००० ला गेलं, तर कमिशन थोडं कमी लागूनही तुम्ही ४,८१० डॉलर तोट्यात. यात कुठेही संकट कोसळलेलं नाही. ही अगदी नेहमीची घसरण आहे.

आता या कागदावर आणखी एक ओळ लिहा: सेमिनार आणि मेंटरशिप, ३०,००० डॉलर. सगळं सुरळीत झालेल्या नवख्या माणसाचा पूर्ण नफा, २२,२२०, या एका ओळीत बुडाला.

हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. वरच्या उदाहरणात घर विकलं जाईपर्यंत तुमच्या खिशातले किती अडकतात? खरेदीतला स्वतःचा १० टक्के वाटा १९,०००, पॉइंट्स, क्लोजिंग, व्याज, कर-विमा आणि दुरुस्ती मिळून ८४,२८०. काही सावकार दुरुस्तीचे पैसेही देतात, पण काम पूर्ण होईल तसे टप्प्याटप्प्यानं. आधी घालायचे तुम्हीच. ज्याच्याकडे ९०,००० साठले आहेत त्यानं ३०,००० कोर्सला दिले, तर त्याला घर कसं घ्यायचं ते कदाचित कळेल, पण घ्यायला पैसे उरणार नाहीत. मग सभागृहात शिकवलेला ‘दुसऱ्याच्या पैशानं गुंतवणूक’ हा धडा आठवतो आणि क्रेडिट कार्डावर हात जातो. इथून माणूस खरा अडकत जातो.

पायरी २: तुम्हाला नेमकं काय येत नाही, ते ओळखा

फ्लिपिंगला चार गोष्टी लागतात: माहिती, गल्लीची जाण, भरवशाची माणसं आणि पैसा. सेमिनार यातली फक्त पहिली विकतो, आणि तीच सगळ्यात स्वस्त आहे.

गल्लीची जाण म्हणजे काय? रेल्वे रुळाच्या या बाजूला तीन बेडरूमचं घर कितीला जातं आणि त्या बाजूला कितीला, कोणत्या शाळेच्या हद्दीसाठी लोक जास्त मोजतात, कोणत्या रस्त्यावर तळघरात पाणी शिरतं. दुसऱ्या राज्यातून विमानानं आलेला प्रशिक्षक हे सांगू शकत नाही. झिलोसारख्या कंपनीकडे देशभरातल्या घरांची माहिती आणि किंमत काढणारी गणितं होती. तरी तिनं घरं विकत घेऊन परत विकण्याचा आपला विभाग २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बंद करायचं जाहीर केलं. त्याआधीच्या तिमाहीत हातातल्या घरांच्या किमतीपोटी ३० कोटी ४० लाख डॉलरची घट दाखवावी लागली आणि सुमारे चौथा हिस्सा कर्मचारी कमी करायचं ठरलं. पुढच्या काही महिन्यांत घर कितीला जाईल हे खात्रीनं सांगता येत नाही, हे त्यांनीच कारण म्हणून दिलं होतं. तीन दिवसांच्या शिबिरात ते तुम्हाला शिकवू असं कोणी म्हणत असेल, तर त्याचा आत्मविश्वास दांडगा म्हणायचा.

पायरी ३: आधी साठ दिवस स्वस्तात शिका

सेमिनारला जायचंच असेल तर हे साठ दिवस संपल्यावर जा. तेव्हा तुम्हाला तिथलं अर्धं आधीच माहीत असेल आणि उरलेल्या अर्ध्याला किती मोल द्यायचं ते ठरवता येईल.

एक भाग निवडा, शक्यतो घरापासून अर्ध्या तासाच्या आतला. गेल्या सहा महिन्यांत तिथे विकली गेलेली, आकारानं आणि वयानं सारखी घरं शोधा. त्यांनाच कॉम्प्स म्हणतात. आठवड्याला पाच घरांची एआरव्ही स्वतः काढा, तारीख घालून वहीत लिहा आणि ती घरं विकली गेली की खरा आकडा शेजारी टाका. सुरुवातीला पंधरा-वीस टक्क्यांनी चुकाल, चुका. फरक सातत्यानं पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत घर घेऊ नका. एवढा एकच अभ्यास केला तरी बऱ्याच शिबिरांपेक्षा जास्त शिकाल, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोबत ओपन हाउसला जा, म्हणजे विकायचं घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तिथे. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, संकेतस्थळावर जुने व्यवहार बघा: एखादं घर मार्चमध्ये एका एलएलसीनं, म्हणजे खासगी मर्यादित कंपनीनं, घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये दीडपट भावात विकलं, तर तो तुमच्या भागातला खरा फ्लिपर आहे. त्यानं काय बदललं ते जुन्या-नव्या फोटोंत दिसतं, आणि परमिट घेतलं होतं का ते शहराच्या नोंदींत सापडतं.

कॉन्ट्रॅक्टरसाठी सोपा उपाय: ओळखीच्या कोणाचं स्वयंपाकघर किंवा बाथरूम होत असेल, तर तिथली तीन कोटेशन बघायला मागा. एकाच कामाचे तीन आकडे किती लांब लांब असतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की ‘दुरुस्तीला अमुक लागतील’ असं छातीठोक सांगणाऱ्यावरचा विश्वास आपोआप कमी होतो.

धंद्याचं गणित, कंपनीची नोंदणी, हिशेब ठेवणं यासाठी स्कोअर ही संस्था आहे. १९६४ पासून चालू असलेली ही संस्था सरकारच्या लघुउद्योग खात्याच्या पाठबळावर मोफत सल्लागार देते. आणि खोलात शिरायचंच असेल, तर राज्याचा रिअल इस्टेट परवान्याचा अभ्यासक्रम करा. फ्लोरिडात तो ६३ तासांचा आहे, टेक्सासमध्ये १८० तासांचा. खर्च साधारण काही शे डॉलर. करार, मालकी हक्क आणि कर्ज हे सगळं त्यात येतं, आणि पुढे परवाना मिळाला तर स्वतःच्या घरावरचं काही कमिशनही वाचतं. स्थानिक गुंतवणूकदारांच्या मंडळांच्या बैठकांना जरूर जा, ओळखी तिथेच होतात. फक्त तिथल्या व्यासपीठावरही कोर्स विकणारे पाहुणे येतात, एवढं ध्यानात ठेवा.

पायरी ४: शिकवणाऱ्याला तपासा

नुसती नावाच्या जोडीला तक्रार किंवा खटला असा शब्द टाकून शोधाशोध पुरत नाही. त्याला किंवा त्याच्या माणसाला प्रश्न विचारा आणि उत्तर देताना चेहरा बघा.

पहिला प्रश्न: गेल्या दोन वर्षांत तुम्ही फ्लिप केलेल्या तीन घरांचे पत्ते द्या, आणि ज्या कंपनीच्या नावावर घेतली तिचं नाव. खऱ्या माणसाला यात लपवण्यासारखं काही नसतं, कारण व्यवहार काउंटीत नोंदलेले असतात. पत्ता मिळाला की खरेदीची तारीख, विक्रीची तारीख आणि बहुतेक राज्यांत किंमतही पडताळता येते. ‘गोपनीयता’ हा शब्द ऐकू आला की वही मिटा.

दुसरा: तुमच्या उत्पन्नातलं घरांमधून किती येतं आणि शिकवण्यातून किती? आकडा मिळणार नाही, पण उत्तराला किती वळसे पडतात ते बघण्यासारखं असतं.

तिसरा प्रश्न ज्ञानाचा. मी घर घेऊन ६० दिवसांत तयार केलं आणि ग्राहक एफएचए कर्जावर, म्हणजे केंद्र सरकारच्या विम्याचं पाठबळ असलेल्या गृहकर्जावर, घेणारा असला, तर काय? विक्रेत्यानं घर घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत पुन्हा विकलं जात असेल, तर त्या खरेदीला सहसा एफएचएचं कर्ज मिळत नाही. ९१ ते १८० दिवसांत दुप्पट किंवा त्याहून जास्त भावानं विकलं तर दुसरं मूल्यांकन लागतं. पहिलं घर घेणारे कितीतरी लोक एफएचएवर अवलंबून असतात, म्हणून ‘तीस दिवसांत फ्लिप’ शिकवणाऱ्याला हे तोंडपाठ हवं.

चौथा: १९७८ आधीच्या घरात काम काढताना काय बघायचं? उत्तर शिशाच्या रंगापासून सुरू व्हायला हवं. असल्या घरांत रंगाला धक्का लावणाऱ्या कामासाठी पर्यावरण खात्याचे प्रमाणपत्राचे नियम आहेत आणि विकताना माहिती उघड करावी लागते.

होलसेलिंगबद्दलही विचारा, म्हणजे घर न घेता खरेदीचा करारच दुसऱ्याला विकणं. ‘पैसे नाहीत? काही हरकत नाही’ या घोषणेमागे बहुधा तेच असतं. इलिनॉयमध्ये २०१९ च्या कायद्यानुसार बारा महिन्यांत असा एकाहून जास्त व्यवहार करायचा तर ब्रोकरचा परवाना लागतो. तुमच्या राज्यात काय आहे, हे ज्याला सांगता येत नाही, तो तुम्हाला दंडाच्या दारात उभं करेल.

पायरी ५: तरी जायचंच असेल तर

क्रेडिट कार्ड घरी ठेवा. मोबाइलमध्ये साठवलेलंही काढून टाका. हा सल्ला बालिश वाटेल, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस थकलेला असतो, आजूबाजूचे उठून मागच्या टेबलाकडे जात असतात आणि ‘फक्त आज’ची सवलत जाहीर होते. त्या तासात घेतलेला निर्णय तुमचा राहत नाही. जोडीदाराला सोबत न्या, किंवा रात्री घरी हिशेब दाखवल्याशिवाय सही नाही असं त्याच्याशी आधीच ठरवा. सेवानिवृत्तीच्या खात्यातून पैसे काढा, कार्डाची मर्यादा वाढवून घ्या, घरावर कर्ज काढा, यातलं एकही वाक्य कानावर पडलं तर जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता बाहेर पडा. ‘फी करातून वजा होते’ हेही तिथे ऐकायला मिळेल. नव्या धंद्यात शिरण्यासाठी घेतलेल्या शिक्षणावर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, कडक अटी आहेत. ते सीपीएला, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाला विचारा, विक्रेत्याला नको.

काही जणांना मात्र सेमिनार खरंच उपयोगी पडतो. ज्यानं एक-दोन घरं केली आहेत आणि ज्याला एखादाच विषय पक्का करायचा आहे, समजा लिलावातली घरं किंवा बांधकामाचं वेळापत्रक, त्यानं स्थानिक, अजून धंद्यात असलेल्या माणसाकडे एक-दोन दिवसांसाठी दोन-तीनशे डॉलर दिले तर ते वसूल होतात. अशा वर्गाची खूण एकच: शेवटच्या तासात काही विकलं जात नाही. कोणी तुम्हाला त्याच्या चालू कामावर नेऊन भिंतीमागचं वायरिंग दाखवत असेल, तर त्याला थोडे जास्तही द्यावेत.

पैसे भरून बसलात तर

दिवस मोजायला लागा. एफटीसीच्या कूलिंग-ऑफ नियमानुसार हॉटेल किंवा अधिवेशन केंद्रासारख्या तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा जास्त रकमेची खरेदी केली असेल, तर कामाच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ती रद्द करता येते. शनिवार कामाचा दिवस धरतात. रविवार आणि केंद्रीय सुट्ट्या धरत नाहीत. प्रशिक्षणाचे कोर्स या नियमात येतात, ते कशासाठी घेतले हा मुद्दा नसतो. पूर्णपणे फोनवर किंवा ऑनलाइन झालेली विक्री मात्र यात बसत नाही. विक्रेत्यानं रद्द करण्याच्या अर्जाच्या दोन प्रती देणं बंधनकारक आहे. दिल्या नसतील तर साधं पत्र लिहा, सही-तारीख घाला, सर्टिफाइड मेलनं पाठवा आणि पावती जपा. कारण द्यावं लागत नाही.

तीन दिवस उलटले असतील आणि जे कबूल केलं ते मिळालं नसेल, तर कार्ड कंपनीकडे लेखी हरकत घ्या. ज्या स्टेटमेंटमध्ये रक्कम पहिल्यांदा आली ते निघाल्यापासून ६० दिवस हातात असतात. सोबत जाहिरातीचा फोटो, वर्कबुक, ईमेल जोडा. एफटीसीकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार नोंदवा. झुरिक्सच्या ग्राहकांना परतावा मिळाला तो सरकारी खटल्यामुळे.

आणि कंपनी परताव्याला तयार झाली तर पुढे केलेला कागद सही करण्याआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सरकारी यंत्रणेकडे जाणार नाही, वाईट अभिप्राय लिहिणार नाही, असं परताव्याच्या बदल्यात लिहून घेतलं जात होतं, हाही झुरिक्सवरच्या खटल्यातला एक आरोप होता. ग्राहकाच्या प्रामाणिक अभिप्रायाला छापील करारातून बंदी घालणं २०१६ च्या केंद्रीय कायद्यानं बेकायदा ठरवलं आहे. असं कलम दिसलं तर सही न करता त्या पानाचा फोटो काढा आणि तक्रारीला जोडा.